वाचलेलं आतडं टिकवायचं कसं: तीव्र अल्सरेटिव्ह कोलायटिसचं एक प्रकरण, सोलापूर

रुग्ण २७ वर्षांची. राहणार अक्कलकोट रोड परिसर. पती यंत्रमागावर जॉबर, ती स्वतः घरी टॉवेलच्या कडा शिवते. चार वर्षांची एक मुलगी. मे २०१९ मध्ये दाखल. (रुग्ण शिकवण्यासाठी रचलेली आहे; उपचार, मात्रा आणि अभ्यासांचे आकडे प्रत्यक्षातले आहेत.)

आजाराची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. शौचाला रक्त आणि आव पडायची. आधी मूळव्याध म्हणून, मग आमांश म्हणून औषधं झाली. मेट्रोनिडाझोलचा कोर्स घेतला की आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. मार्च २०१८ मध्ये कोलोनोस्कोपी झाली तेव्हा मोठं आतडं टोकापासून टोकापर्यंत सुजलेलं दिसलं. बायोप्सीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणारी गोळी) रोज २.४ ग्रॅम सुरू झालं, रक्त थांबलं आणि चौथ्या महिन्यात गोळ्याही थांबल्या. हे नेहमीचंच आहे. रक्त दिसेनासं झालं की रोग गेला असं घरच्यांना वाटतं, आणि या गोळ्या कायमच्या आहेत हे कोणी ठासून सांगितलेलं नसतं. दाखल होण्याच्या तीन आठवडे आधी गुडघे दुखायला लागले, म्हणून तिने मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेतलं. या आजारात सांधेदुखी हा रोगाचाच भाग असू शकतो आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आतडं भडकू शकतं. म्हणजे आजाराच्या लक्षणावर घेतलेली गोळीच आजाराला चिथावते.

दाखल होताना दिवसाला बारा ते चौदा वेळा शौच, प्रत्येक वेळी रक्त, रात्री चार वेळा उठणं. ताप ३८.२ अंश सेल्सियस, नाडी ११८, हिमोग्लोबिन ६.९, सीआरपी (रक्तात सुजेची तीव्रता दाखवणारा आकडा) ९६, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.३, पोटॅशियम २.९. वजन ५३ किलोवरून ४६ वर आलेलं.

तीव्र कशाला म्हणायचं याचा निकष १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी घालून दिला आणि तो आजही चालतो: दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि त्याच्या जोडीला नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ च्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर ३० च्या वर यांपैकी किमान एक. ईएसआरच्या जागी आता सीआरपीही धरतात. ऑक्सफर्डच्याच २०१० च्या पाहणीत असं दिसलं की जोडीचा एकच निकष असेल तर त्या भरतीत आतडं काढावं लागण्याचं प्रमाण ८.५ टक्के, दोन असतील तर ३१ आणि तीन किंवा जास्त असतील तर ४८ टक्के. या रुग्णाचे चारही होते. थोडक्यात, दारातून आत आली तेव्हाच आतडं वाचण्याची शक्यता जेमतेम निम्मी होती, आणि हे नातेवाइकांना त्याच दिवशी सांगणं भाग होतं.

पहिले चोवीस तास

या आजारात सगळी धावपळ तिसऱ्या दिवशी होते, पण त्या दिवशीचा निर्णय पहिल्या दिवशीच्या तपासण्यांवर उभा असतो. इन्फ्लिक्सिमॅब (स्टिरॉइड लागू न पडल्यास शिरेतून द्यायचं औषध; त्याने दडलेला क्षय उसळू शकतो) द्यायचं ठरलं आणि क्षयाची तपासणीच पाठवलेली नाही, असं झालं की दोन-तीन दिवस फुकट जातात. म्हणून स्टिरॉइडचं पहिलं इंजेक्शन देण्याआधीच क्षयाच्या इग्रा तपासणीसाठी रक्त काढलं. स्टिरॉइड सुरू झाल्यावर ही तपासणी अनेकदा अनिर्णित येते. सोबत छातीचा एक्स-रे, कावीळ बी (एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही), कावीळ सी, एचआयव्ही, मॅग्नेशियम, कोलेस्टेरॉल आणि एनयूडीटी१५ जनुकाची तपासणी (पुढे लागणारं अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी रोजची गोळी, सोसेल का हे तिच्यावरून कळतं). काही नमुने पुण्याला जातात, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा ते पहिल्याच संध्याकाळच्या पार्सलमध्ये जायला हवेत.

शौचाचा नमुना ताजा, अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आपल्याकडे अमिबामुळे होणारा कोलायटिस अगदी असाच दिसतो आणि त्यावर स्टिरॉइड पडलं तर आतडं फुटू शकतं. नमुना वॉर्डातून लॅबपर्यंत दोन तास ट्रेमध्ये पडून राहिला तर हालणारा अमिबा दिसायचा नाही आणि अहवाल बिनधास्त ‘निल’ येईल. कल्चर आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (कोलायटिस करणारा एक जंतू) याच्या टॉक्सिनची तपासणीही पाठवली.

त्याच दिवशी सिग्मॉइडोस्कोपी (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग दुर्बिणीने पाहणं) झाली. एनिमा नाही, जुलाबाचं औषध नाही, हवा कमीत कमी आणि फक्त वीस सेंटिमीटरपर्यंत. या अवस्थेत पूर्ण कोलोनोस्कोपी करू नये, आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. खोल व्रण दिसले. सायटोमेगॅलोव्हायरस शोधायचा म्हणून बायोप्सी व्रणाच्या तळातून घेतल्या आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (विषाणू दाखवणाऱ्या खास रंगतपासणीची) मागणी अर्जावर स्पष्ट लिहिली. तशी न लिहिली तर साध्या रंगावर अहवाल येतो आणि हा विषाणू निसटू शकतो. पोटाच्या एक्स-रेत आडवं आतडं ४.२ सेंटिमीटर रुंद होतं, ५.५ ते ६ च्या पुढे गेलं असतं तर सर्जनला त्याच तासाला बोलवावं लागलं असतं.

हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी शिरेतून. पोटॅशियम सलाईनमधून. रक्ताच्या दोन पिशव्या. मेसालामाइनचा या अवस्थेत उपयोग नाही, म्हणून दिलं नाही. केसपेपरवर लाल शाईने लिहिलं: लोपेरामाइड नाही, डायसायक्लोमिन नाही, ट्रामाडोल नाही, कोणतीही वेदनाशामक गोळी नाही. पोट दुखतंय म्हणून रात्रपाळीला दिलेलं एक डायसायक्लोमिनचं इंजेक्शन आतड्याची हालचाल मंदावतं आणि फुगण्याला वाट करून देतं.

एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज त्वचेखाली. सासूबाईंनी विचारलं, ‘‘साहेब, आधीच रक्त जातंय, आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन कशाला देताय?’’ प्रश्न रास्त आहे आणि तो सिस्टरांच्याही मनात असतो, म्हणून अनेकदा हा डोस गुपचूप राहून जातो. इतकी सूज असताना रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होऊन रुग्ण दगावू शकतो. या मात्रेने शौचावाटे रक्त जाण्याचं प्रमाण काही फारसं वाढत नाही. उत्तर सासूबाईंना आणि सिस्टरांना एकत्रच दिलं.

उपाशी ठेवलं नाही. आतड्याला विश्रांती म्हणून तोंड बंद ठेवण्याचा फायदा दिसलेला नाही, उलट अल्ब्युमिन आणखी घसरतं. मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, प्रथिनांची पावडर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सध्या नको, पण हा नियम आठवड्या-पंधरवड्याचा आहे, जन्माचा नाही. हे सांगितलं नाही तर घरचे वर्षभर पेजेवर ठेवतात.

शौचाचा तक्ता

कॉटच्या पायथ्याला एक कागद लावला: वेळ, रक्त आहे का, रात्रीचं का, फक्त रक्त-आव की मळही. या कागदावर पुढचा सगळा निर्णय उभा राहतो आणि तोच बहुतेक ठिकाणी नीट भरला जात नाही. नर्सिंग नोंदीत ‘लूज मोशन ५+’ असं येतं. नातेवाईक मळ असलेल्या वेळाच मोजतात. नुसतं रक्त आणि आव पडून आली की ‘संडास झालीच नाही’ म्हणतात. इथे दुसऱ्या दिवशी पतीने सात सांगितल्या, तक्त्यावर अकरा होत्या. सातच्या भरवशावर राहिलो असतो तर तिसऱ्या दिवशी ‘सुधारतेय’ म्हणून स्टिरॉइड तसंच पुढे ओढलं गेलं असतं.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. शौचाची संख्या एकदम कमी झाली आणि पोट मात्र तटतटून फुगलं, नाडी चढली, तर ती सुधारणा नसते. आतडं लुळं पडून फुगतंय. त्यातच स्टिरॉइडमुळे आतडं फुटलं तरी पोट कडक होणं, ताप येणं ही नेहमीची चिन्हं झाकली जातात. म्हणून राउंडला रोज पोटावर हात ठेवायचा आणि शंका आली की लगेच एक्स-रे काढायचा.

तिसरा दिवस

७२ तासांनी शौच ९, सीआरपी ५८. ऑक्सफर्डचा १९९६ चा नियम सांगतो की तिसऱ्या दिवशी आठपेक्षा जास्त वेळा शौच, किंवा तीन ते आठ वेळा आणि सीआरपी ४५ च्या वर, असं असेल तर सुमारे ८५ टक्के रुग्णांचं आतडं त्याच भरतीत काढावं लागतं. तो नियम आजच्या औषधांच्या आधीचा आहे, पण नुसत्या स्टिरॉइडवर थांबून राहण्यात अर्थ नाही, हे तो आजही अचूक सांगतो. तीव्र कोलायटिसमध्ये शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडला साधारण दोनतृतीयांश रुग्ण प्रतिसाद देतात. ही रुग्ण उरलेल्या तिसऱ्या भागातली होती.

अहवाल हातात होते: सायटोमेगॅलोव्हायरस नाही, क्लॉस्ट्रिडियम नाही, अमिबा नाही, इग्रा निगेटिव्ह, छाती स्वच्छ, कावीळ बी नाही, एनयूडीटी१५ सामान्य. सर्जन पहिल्या दिवसापासून रुग्णाला पाहत होते. तिसऱ्या दिवशी पोटावर स्टोमाची (आतडं काढल्यावर मळ बाहेर यायला पोटावर करायच्या तोंडाची) जागाही खूण करून ठेवली. यामुळे रुग्ण घाबरते हे खरं. पण औषध हरलंच तर रात्री दोन वाजता अनोळखी सर्जनच्या हाती जाण्यापेक्षा हे बरं. पुण्याला हलवायचं असेल तर तो विचारही याच दिवशी व्हायला हवा. अडीचशे किलोमीटरचा रस्ता तिसऱ्या दिवशी झेपतो. आठव्या दिवशी, आतडं फुगलेलं असताना, तो प्रवास जिवावर बेतू शकतो.

दुसऱ्या फळीची दोन औषधं होती. सायक्लोस्पोरिन हे जुनं आणि तुलनेने स्वस्त. १९९४ च्या छोट्या चाचणीत ते घेतलेल्या ११ पैकी ९ रुग्णांना गुण आला, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या खोट्या मात्रेच्या) ९ पैकी एकालाही नाही. मात्रा ४ ऐवजी २ मिलिग्रॅम प्रति किलो दिली तरी परिणाम तेवढाच मिळतो, हे २००३ मध्ये दिसलं. पण रक्तातली पातळी त्याच दिवशी हातात यायला हवी. पार्सलने दोन दिवसांनी येणाऱ्या अहवालावर हे औषध चालवू नये. शिवाय इथे कोलेस्टेरॉल ९२ आणि मॅग्नेशियम १.३ होतं. दोन्ही इतकं कमी असताना सायक्लोस्पोरिनने फिट येण्याचा धोका वाढतो. ते बाजूला ठेवलं.

इन्फ्लिक्सिमॅब ठरलं. २००५ च्या स्वीडन-डेन्मार्कच्या चाचणीत एका डोसनंतर तीन महिन्यांत २४ पैकी ७ जणांचं आतडं काढावं लागलं, प्लासिबोवर २१ पैकी १४ जणांचं. मात्रा ५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ४६ किलोला २३० मिलिग्रॅम. कुपी १०० मिलिग्रॅमची येते. अशा वेळी दोन कुप्यांवर भागवण्याचा मोह होतो, पण अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णात औषध लवकर संपतं आणि सुजलेल्या आतड्यातून ते शौचावाटेही वाहून जातं. तीन कुप्या पूर्ण दिल्या. (सरसकट सगळ्यांना १० मिलिग्रॅम प्रति किलो द्यावं का, याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या चाचणीत मिळालं: सातव्या दिवसाच्या प्रतिसादात फरक पडला नाही.)

प्रत्येक कुपीत १० मि.लि. निर्जंतुक पाणी बाजूच्या काचेवरून सोडायचं, कुपी गोल फिरवायची, हलवायची नाही. फेस झाला तर पाच मिनिटं ठेवून द्यायची. सगळं २५० मि.लि. नॉर्मल सलाईनमध्ये, १.२ मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून, किमान दोन तासांत. फिल्टर कुपीसोबत येत नाही. तो आधी मागवला नसेल तर औषध मिसळून झाल्यावर शोधाशोध सुरू होते.

आठव्या दिवशी शौच ४, रक्त नावापुरतं, सीआरपी १४. अकराव्या दिवशी घरी. इन्फ्लिक्सिमॅब दिल्यापासून सातव्या दिवसापर्यंत असा उतार पडला नसता तर पुढची पायरी शस्त्रक्रियेची होती, तिसऱ्या औषधाची नव्हे. एकावर एक औषधं चढवत बसलं तर शस्त्रक्रिया टळत नाही, ती फक्त उशिरा होते, आणि तोवर रुग्ण जंतुसंसर्गाच्या तोंडाशी आलेली असते.

आज, २०२६ मध्ये, या टेबलावर टोफासिटिनिबही (सूज दाबणारी नवी गोळी) असतं. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमधल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्टिरॉइडसोबत १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सात दिवस दिल्यावर ८३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला; नुसत्या स्टिरॉइडवर ५९ टक्के. त्याच चाचणीत एका रुग्णाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली. गोळी आहे, भारतात जेनेरिक मिळते आणि फिल्टर, फ्रीज, अर्धा दिवस कॉट यांपैकी काहीच लागत नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी हे फार मोठं आहे.

घरी गेल्यानंतरचं वर्ष

आतडं वाचल्याचा आनंद इथे खोटा ठरू शकतो. युरोपातल्या अनेक रुग्णालयांत सायक्लोस्पोरिन आणि इन्फ्लिक्सिमॅब यांची समोरासमोर तुलना झाली (२०१२) आणि त्याच रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला (२०१८). आतडं शाबूत असलेले रुग्ण सायक्लोस्पोरिन गटात एका वर्षाने ७०.९ टक्के, पाच वर्षांनी ६१.५ टक्के, इन्फ्लिक्सिमॅब गटात ६९.१ आणि ६५.१ टक्के. दोन औषधांत फरक नाही. पण आकड्यांचा उतार पाहण्यासारखा आहे. जी आतडी गेली त्यांतली बहुतेक पहिल्याच वर्षात गेली, पुढच्या चार वर्षांत फारच थोडी. स्वीडन-डेन्मार्कच्या चाचणीत एकच डोस दिला होता. तीन वर्षांनी त्या गटातही निम्म्या रुग्णांचं आतडं गेलेलं होतं, प्लासिबोवर ७६ टक्क्यांचं. बेल्जियममधल्या लूव्हेनची जुनी मालिका तर डोळे उघडणारी: सायक्लोस्पोरिनने सुरुवातीला ८३ टक्के आतडी वाचली, आणि सात वर्षांत ८८ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली असा हिशेब निघाला. त्या मालिकेतल्या एका तपशिलाकडे सहसा दुर्लक्ष होतं. जे आधीपासून अझाथायोप्रिनवर असूनही बिघडले त्यांच्यात शस्त्रक्रियेचं प्रमाण ५९ टक्के. ज्यांना अझाथायोप्रिन नव्याने सुरू झालं त्यांच्यात ३१ टक्के. आणीबाणीतलं औषध वेळ विकत घेऊन देतं. त्या वेळात पुढचं टिकाऊ औषध बसवलं नाही, तर ती वेळ संपते.

म्हणून डिस्चार्जच्या आधी पतीसोबत बसून कुप्यांचा हिशेब मांडला. शून्य, दोन आणि सहाव्या आठवड्याला डोस, मग दर आठ आठवड्यांनी. पहिल्या वर्षात आठ डोस, प्रत्येकी तीन कुप्या, म्हणजे चोवीस. बायोसिमिलर (मूळ औषधासारखं बनवलेलं स्वस्त औषध) घेतलं तरी यंत्रमागाच्या पगारात हे बसत नाही. पैसे कुठून येणार, कोणती योजना लागू पडते, हे आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातल्या सरकारी योजनेच्या मदतनिसाकडून) त्याच आठवड्यात लेखी घेतलं. तीनच डोस परवडणार असते तर योजना निराळी आखावी लागली असती: तीन डोसच्या आधाराने अझाथायोप्रिनवर उतरणं. हा दुय्यम दर्जाचा पण प्रामाणिक मार्ग आहे. न परवडणारी योजना कागदावर लिहून चौथ्या डोसला ती कोलमडू देणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. अधूनमधून घेतलेल्या इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि ते औषध कायमचं हातचं जातं.

प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर, दर आठवड्याला ५ ने कमी, आठ आठवड्यांत शून्य. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. तारखा घालून तक्ता दिला, कारण चुका ठरलेल्या असतात: २० मिलिग्रॅमवर बरं वाटतं म्हणून एकदम बंद करणं, किंवा जरा पोट बिघडलं की मेडिकलमधून पुन्हा ४० सुरू करणं. तीन महिन्यांत १० च्या खाली येता आलं नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांत रोग उलटला, तर त्याला स्टिरॉइडवर अवलंबून राहणं म्हणतात आणि तिथे औषध बदलावं लागतं, स्टिरॉइड वाढवायचं नसतं.

अझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅमने सुरू, दोन आठवड्यांनी १००. भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ मधला बदल बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर पांढऱ्या पेशी झपाट्याने कोसळतात, केस पुंजक्याने गळतात. तपासणी सामान्य असली तरी रक्त तपासायचंच: महिनाभर दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला, नंतर दर तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी ३,००० च्या खाली गेल्या तर गोळी थांबवून फोन करायचा. हे औषध लागू पडायला तीन महिने लागतात, म्हणून ते आजच सुरू व्हायला हवं. इन्फ्लिक्सिमॅबसोबत ते दिल्याने, २०१४ च्या चाचणीनुसार, सोळाव्या आठवड्याला स्टिरॉइडशिवाय शांत असलेले रुग्ण ३९.७ टक्के होते. नुसत्या इन्फ्लिक्सिमॅबवर २२.१.

डिसेंबरपर्यंत स्टिरॉइड बंद, वजन ५०, कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) ८६, सिग्मॉइडोस्कोपीत जवळपास भरून आलेलं आतडं.

टाळेबंदी आणि त्यानंतर

फेब्रुवारी २०२० चा डोस झाला. एप्रिलचा हुकला. टाळेबंदीत माग बंद पडले, पगार थांबला, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध कोरोनात घ्यावं का ही भीतीही होती. औषध चालू ठेवा असा सल्ला तेव्हाही होता, पण तो तिच्यापर्यंत पोचायला फोन लागतो आणि औषधाला पैसे. जून आणि जुलैअखेरचाही डोस गेला. अझाथायोप्रिन मात्र तिने सोडलं नाही. सप्टेंबरमध्ये दिवसाला सहा वेळा शौच, थोडं रक्त, ताप नाही, कॅलप्रोटेक्टिन ९४०. तीस आठवड्यांच्या खंडानंतर इन्फ्लिक्सिमॅब पुन्हा लावलं, आणि पंधराव्या मिनिटाला चेहरा लाल, छाती आवळलेली, रक्तदाब ८४. सलाईन थांबवून मांडीत अॅड्रेनालिन अर्धा मिलिग्रॅम, ऑक्सिजन, पाय उंच, द्रव. वीस मिनिटांत सावरली. इतक्या खंडानंतर हे औषध पुन्हा सुरू करायचं तर आधी प्रतिपिंडं तपासावीत, ते शक्य नसेल तर औषध बदलावं. आधी स्टिरॉइड-अॅव्हिल देऊन संथ गतीने लावण्याने धोका थोडा कमी होतो, जात नाही.

टोफासिटिनिब १० मिलिग्रॅम दोनदा, आठ आठवडे, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. अझाथायोप्रिन बंद, ही दोन औषधं एकत्र देत नाहीत. ५ मिलिग्रॅमवर ५२ आठवड्यांनी शांत असलेले रुग्ण मूळ चाचणीत ३४.३ टक्के, प्लासिबोवर ११.१. इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही: ती माला-डी घेत होती. त्या गोळीतल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो आणि टोफासिटिनिबनेही. गोळी बंद करून तांबी बसवली. दिवस राहू न देणं तसंही गरजेचं होतं, हे औषध गरोदरपणात चालत नाही. आठ आठवड्यांनी कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, लिम्फोसाइट पाहिले. २०२१ मध्ये बरगडीवर नागीण आली. पुरळ उठल्याच्या दुसऱ्या दिवशी दाखवलं म्हणून व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीनदा, सात दिवसांत भागलं. नागिणीची रिकॉम्बिनंट लस भारतात २०२३ पासून मिळते, तेव्हा नव्हती. आता टोफासिटिनिबच्या रुग्णाला ती आधी सुचवायला हवी. आणि क्षय: इग्रा निगेटिव्ह म्हणजे आयुष्यभराचा परवाना नव्हे. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं ही तीन वाक्यं तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर आहेत.

२०२३ मध्ये दुसरं मूल हवं म्हणाली. टोफासिटिनिबवर दोन वर्षं शांत होती, पण गर्भधारणेआधी ते सोडावं लागणार. एकट्या अझाथायोप्रिनवर रोग उलटल्याचा अनुभव २०२० चा, इन्फ्लिक्सिमॅब गेलेलं. उरलं वेडोलिझुमॅब, ३०० मिलिग्रॅम, शून्य-दोन-सहा आठवडे आणि मग दर आठ आठवड्यांनी. हे बहुतांशी आतड्यापुरतंच काम करतं पण संथ आहे, पूर्ण परिणामाला चौदा आठवडेही लागतात. म्हणून तोवर टोफासिटिनिब आणि तांबी दोन्ही चालू ठेवली. कॅलप्रोटेक्टिन दोनदा १५० च्या खाली आल्यावर आधी गोळी थांबवली, चार आठवड्यांनी तांबी काढली. रोग शांत असताना दिवस राहिले तर गरोदरपण बहुधा शांत जातं. पेटलेला असताना राहिले तर गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका वाढतो. वेडोलिझुमॅब नऊ महिने चालू राहिलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक प्रसूती, मुलगा, २.८ किलो. आठव्या महिन्यातच माता-बाल सुरक्षा कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं: ‘बाळाला जिवंत लस बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये.’ आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी आणि पोलिओचे थेंब लगेच दिले जातात, सहाव्या आठवड्याला रोटाव्हायरसचे थेंब; ही तिन्ही जिवंत. आई इन्फ्लिक्सिमॅबवर असेल तर ते नाळेतून बाळात जातं आणि महिनोन्‌महिने राहतं. अशा एका बाळाचा बीसीजी शरीरभर पसरून मृत्यू झाल्याची नोंद २०१० ची आहे. त्या औषधावरच्या आईच्या बाळाची बीसीजी किमान सहा महिने, अनेक तज्ज्ञांच्या मते वर्षभर, लांबवतात. वेडोलिझुमॅबबाबत भीती कमी आहे, तरी इथे बीसीजी पुढे ढकलली आणि घरातल्या सगळ्यांचे छातीचे एक्स-रे काढून घेतले. कावीळ बीची लस त्याच दिवशी दिली, ती जिवंत नाही.

२०२५ मध्ये आजाराला आठ वर्षं झाली, म्हणून कर्करोगाच्या दृष्टीने पहिली पाळत-कोलोनोस्कोपी झाली. रंग फवारून पूर्ण आतडं पाहिलं. डाव्या बाजूला जुने व्रण भरल्याच्या खुणा, डिस्प्लेसिया (कर्करोगाआधीचा पेशींतला बदल) नाही. घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास नाही, सूज नाही, म्हणून पुढची काही वर्षांनी. पित्तनलिका आकसवणारा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा आजार सोबत असता तर दरवर्षी.

वजन आता ५८. कॅलप्रोटेक्टिन दर चार महिन्यांनी. २५० च्या वर गेलं तर दोन आठवड्यांत पुन्हा, तरीही वर असेल तर सिग्मॉइडोस्कोपी, लक्षणं असोत वा नसोत. फाईलमध्ये पुढच्या उद्रेकाचं पान तयार आहे: सहा वेळा रक्ताचे जुलाब आणि ताप किंवा धडधड असेल तर त्याच दिवशी दाखल व्हायचं, घरी स्टिरॉइड सुरू करायचं नाही, वेदनाशामक म्हणून फक्त पॅरासिटामॉल. इन्फ्लिक्सिमॅब नको, असं त्या पानावर ठळक लिहिलंय. शस्त्रक्रियेचा पर्यायही लिहिलाय, तीन टप्प्यांसह: आधी आतडं काढून स्टोमा, मग लहान आतड्याची पिशवी, मग स्टोमा बंद. पिशवीला सूज येण्याचं प्रमाण मोठं आहे आणि ओटीपोटातल्या या शस्त्रक्रियेने स्त्रीची गर्भधारणेची शक्यता घटते, त्यामुळे मुलं झाल्यानंतर हा पर्याय तिच्यासाठी २०१९ पेक्षा हलका झालाय. हे तिला आणि पतीला सांगून झालंय, आणि पानाखाली दोघांच्या सह्या आहेत.